पोटॅशची गोणी येते कुठून?

द्राक्षमण्यांत पाणी उतरू लागलं की बागायतदार ०:०:५० या पोटॅशच्या विद्राव्य खताच्या जुळवाजुळवीला लागतो. केळी आणि ऊसही पोटॅशचे, म्हणजे पोटॅशियमच्या क्षारांचे, मोठे खादाड. द्रवरूप साबण, काच, अल्कलाइन बॅटरी यांनाही पोटॅशियमची संयुगं लागतात, पण जगातलं नव्वद टक्क्यांहून अधिक पोटॅश खतातच जातं. भारतात मात्र त्याची एकही खाण चालू नाही. म्युरेट ऑफ पोटॅश (एमओपी), म्हणजे पोटॅशियम क्लोराइडचं खत, येतं ते बोटीनंच.

एकेकाळी चित्र उलटं होतं. बिहारमधले नोनिया लोक खारी माती खरवडून, धुऊन, उकळून सोरा काढत. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक. ईस्ट इंडिया कंपनीनं तो वर्षानुवर्षं जहाजं भरून युरोपात नेला. पोटॅशियमच्या बाजारात तेव्हा आपण विकणारे होतो, हे आज फारसं कुणाच्या लक्षात नसतं.

काच आणि साबणासाठी लागणारं पोटॅश तेव्हा लाकडाच्या राखेतून निघे आणि त्यापायी जंगलं तुटत. अमेरिकेनं १७९० साली दिलेलं पहिलं पेटंटही पोटॅश बनवण्याच्या सुधारित पद्धतीचंच, सॅम्युअल हॉपकिन्स यांच्या नावे. पुढे १८४० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी पिकांना खनिज अन्नद्रव्यं लागतात हे ठासून मांडलं आणि मागणी शेतीकडे वळली. जर्मनीत श्टासफुर्टला मिठाची खाण खोदताना वर येणारे कडू क्षार लोक टाकून देत होते. त्यांतच पोटॅश होतं. १८६१ मध्ये रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फ्रांक यांनी तिथं कारखाना काढला आणि पुढची पन्नासएक वर्षं जगाची चावी जर्मनीच्या हाती राहिली. पहिल्या महायुद्धात तिनं निर्यात थांबवली, तेव्हा अमेरिकेला समुद्रशेवाळ जाळून पोटॅश काढावं लागलं.

१९४३ मध्ये कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात तेलासाठी भोकं पाडताना प्रचंड साठे सापडले. आज कॅनडा, रशिया आणि बेलारूस हेच मोठे उत्पादक. त्यामुळे बेलारूसवर निर्बंध आले, युक्रेनचं युद्ध पेटलं, की झळ थेट आपल्या बांधापर्यंत येते. २०२२ मध्ये भारतानं टनाला ५९० डॉलरनं एमओपीचा करार केला. आदल्या वर्षीच्या दराच्या तो दुपटीहून जास्त होता.

याला एक उत्तर साखरपट्ट्यातच आहे. मळीपासून अल्कोहोल काढल्यावर उरणारा स्पेंटवॉश बॉयलरमध्ये जाळला की राखेत पोटॅश राहतं. केंद्रानं ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याला पोषणमूल्याधारित अनुदानाच्या योजनेत घेतलं. या राखेत पालाश (पोटॅश) किमान १४.५ टक्के असतो, एमओपीत ६० टक्के. म्हणजे एका गोणीच्या जागी चार गोण्या उचलाव्या लागणार, म्हणून ही राख कारखान्याच्या आसपासच्या शेतांतच परवडेल.