तरंग (भौतिकशास्त्र)

एखाद्या ठिकाणी झालेली हालचाल शेजारच्या कणांना, तिथून पुढच्यांना अशी सरकत जाते त्याला तरंग म्हणतात. पुढे जाते ती ऊर्जा, माध्यमाचे कण आपापल्या जागेच्या आसपासच हलतात. तळ्यात दगड टाकला की वर्तुळं काठापर्यंत येतात, पण मधे तरंगणारं पान तिथल्या तिथेच डुलत राहतं (वारा असला तर गोष्ट वेगळी).

पहिली वाटणी माध्यम लागतं का यावर होते. ध्वनी, दोरीतले तरंग, भूकंपाचे तरंग यांना हवा, पाणी, खडक असं काहीतरी लागतंच, हे यांत्रिक तरंग. रेडिओ लहरींपासून प्रकाश, क्ष-किरण, गॅमा किरणांपर्यंतचे विद्युतचुंबकीय तरंग मात्र निर्वातातूनही जातात, आणि सगळेच सेकंदाला साधारण ३ लाख किलोमीटर वेगानं. १९व्या शतकात हे कुणाला पचतच नव्हतं, म्हणून प्रकाशासाठी ईथर नावाचं माध्यम मानलं होतं, पण १८८७ मध्ये मायकेलसन आणि मॉर्ली यांच्या प्रयोगात त्याचा मागमूस लागला नाही.

दुसरी वाटणी कण कुठल्या दिशेनं हलतात यावर. तरंगाच्या दिशेला काटकोनात हलले तर अवतरंग, त्याच दिशेत मागेपुढे हलले तर अनुतरंग. ताणलेली दोरी झटकली की अवतरंग, हवेतला ध्वनी म्हणजे अनुतरंग, त्यात हवा कुठे दाबली जाते कुठे विरळ होते. शाळेत ही वाटणी अगदी पक्की शिकवतात आणि उदाहरण पाण्याच्या लाटेचं देतात, जी खरं तर दोन्हीत नीट बसत नाही! खोल पाण्यातल्या लाटेत कण जवळपास गोल फिरतात, खाली जावं तसं ते वर्तुळ लहान होत जातं, आणि तरंगलांबीच्या (लागोपाठच्या दोन माथ्यांमधल्या अंतराच्या) निम्म्या खोलीवर हालचाल जवळपास संपलेली असते.

या वाटणीचा खरा उपयोग बघायचा तर भूकंप बघावा. भूकंपात दोन्ही जातीचे तरंग निघतात, पी म्हणजे अनुतरंग, ते आधी पोचतात, एस म्हणजे अवतरंग, ते मागून येतात, आणि त्या दोघांतल्या वेळेवरून भूकंप किती लांब झाला ते काढता येतं, जवळच्या भूकंपांसाठी दोघांतल्या दर एका सेकंदाच्या फरकाला अंदाजे ८ किलोमीटर अंतर. द्रवातून एस तरंग जातच नाहीत, कारण द्रवाचा एक थर दुसऱ्यावरून सरकवला तर त्याला मागे खेचणारं बल नसतं. ते तरंग पृथ्वीच्या गाभ्यापलीकडे पोचत नाहीत, त्यामुळे बाहेरचा गाभा द्रवरूप आहे हे तिथे न जाताच कळलं.

मोजमापात आयाम (कण मूळ जागेपासून जास्तीत जास्त किती हलतो), तरंगलांबी, वारंवारता (सेकंदाला किती कंपनं, हे हर्ट्झमध्ये मोजतात) आणि वेग हे मुख्य, आणि वेग = वारंवारता × तरंगलांबी. या सूत्रावरून वारंवारता वाढली की वेग वाढतो असं पुष्कळांना वाटतं, तसं नसतं. वारंवारता ठरवतो तरंग काढणारा, वेग ठरवतं माध्यम, आणि तरंगलांबी त्या दोघांच्या हिशोबानं येते. हवेत २० अंश सेल्सिअसला ध्वनी सेकंदाला ३४३ मीटर जातो, मग २० हर्ट्झचा घुमणारा आवाज असो (तरंगलांबी १७ मीटर) की २०,००० हर्ट्झचा बारीक (१.७ सेंटीमीटर). काही माध्यमांत मात्र वेग वारंवारतेवरही अवलंबून असतो, काचेच्या लोलकातून रंग वेगळे होतात ते त्यामुळेच. त्सुनामीचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो, ४,००० मीटर खोल समुद्रात ताशी साधारण ७०० किलोमीटर, किनाऱ्याजवळ वेग घटतो आणि लाट उंच होत जाते.

परावर्तन (आदळून परत फिरणं), अपवर्तन (माध्यम बदलताना दिशा बदलणं) सगळ्यांना माहीत असतं. विवर्तन म्हणजे कडेवरून वळणं, आणि फट तरंगलांबीच्या आसपासच्या मापाची असेल तर ते ठळक दिसतं. दाराआड कुणी बोललं तर ऐकू येतं पण माणूस दिसत नाही, कारण आवाजाची तरंगलांबी दाराच्या रुंदीच्या जवळपास असते आणि प्रकाशाची मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. दोन तरंग एकत्र आले की कुठे वाढतात कुठे एकमेकांना मारतात, हे व्यतिकरण, ते दाखवूनच थॉमस यंगनं १९व्या शतकाच्या सुरुवातीला प्रकाश तरंग असल्याचं मांडलं. ध्रुवीकरण (कंपनं एकाच ठरावीक दिशेत राहणं) फक्त अवतरंगांचं होतं, आणि प्रकाश तसाच आहे: पोलरॉइड गॉगल एलसीडी स्क्रीनसमोर धरून फिरवला तर एका कोनात स्क्रीन काळी पडते, हवेतल्या आवाजासाठी असला गॉगल बनूच शकत नाही.