‘क्रिएटर’ म्हणजे नेमका कोण?

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस दरवर्षी आदल्या वर्षीच्याच फाइलमध्ये तारखा बदलून तयार होते. यंदा सहज त्या फाइलची ‘प्रॉपर्टीज’ उघडून पाहिली, तर फाइल तयार करणारे म्हणून ज्यांचे नाव दिसले ते गृहस्थ घर विकून केव्हाच गावी गेले आहेत. नोटिशीच्या मजकुरात त्यांचा कुठेही उल्लेख नाही. हे नाव राहते ते मेटाडेटात, म्हणजे दस्तऐवजाविषयी दस्तऐवजातच ठेवलेल्या माहितीत.

ती नोटीस ओडीटी प्रकारची, म्हणजे लिबरऑफिससारख्या प्रोग्राममध्ये बनणारी मजकुराची फाइल आहे, आणि ओडीटी फाइल म्हणजे प्रत्यक्षात एक झिप गाठोडे असते. नावाच्या शेवटी ‘झिप’ लिहून ते सोडले की मजकूर, मांडणी आणि मेटाडेटा अशा वेगवेगळ्या फाइली हाती येतात. ‘मेटा डॉट एक्सएमएल’ या फाइलीत शीर्षक, तारखा, शब्दसंख्या, फाइल किती वेळा संपादित झाली आणि त्यात एकूण किती वेळ गेला, हे सारे ओळीने नोंदवलेले दिसते.

यातली काही नावे ‘डब्लिन कोअर’ या प्रमाणकातून आली आहेत. हे डब्लिन आयर्लंडमधले नसून अमेरिकेच्या ओहायो राज्यातले. तिथे १९९५ साली भरलेल्या कार्यशाळेतून शीर्षक, कर्ता, तारीख, भाषा अशा घटकांची जी यादी आकाराला आली, ती पुढे पंधरा घटकांवर स्थिरावली. ग्रंथालयाच्या तालिकेला ती छान जुळते, कारण पुस्तकाचा कर्ता सहसा ठरलेला असतो. कार्यालयीन कागदाचे तसे नसते. तो एक जण सुरू करतो, दुसरा दुरुस्त करतो आणि तिसरा सहीसाठी पाठवतो. मग यांतला ‘क्रिएटर’ कोणाला म्हणायचे?

२००६ साली आयएसओचे मानक झालेल्या ओडीएफ या कार्यालयीन फाइलींच्या रचनेने (ओडीटी हा तिचाच भाग) ‘डीसी:क्रिएटर’ (‘डीसी’ म्हणजे डब्लिन कोअर) या खुणेत शेवटचा बदल करणाऱ्याचे नाव ठेवले आणि मूळ लेखकासाठी ‘इनिशियल-क्रिएटर’ ही वेगळी खूण केली. २००८ साली आयएसओची मान्यता मिळालेल्या ओओएक्सएमएलमध्ये, म्हणजे आपल्या ओळखीच्या डॉकएक्समध्ये, तीच ‘डीसी:क्रिएटर’ खूण मूळ लेखकाची आहे, आणि शेवटचा बदल करणाऱ्यासाठी ‘लास्टमॉडिफाइडबाय’ ही निराळी जागा आहे. माझ्या मते डब्लिन कोअरच्या मूळ अर्थाला ओओएक्सएमएलची निवड अधिक धरून आहे. पण दोन्ही बाजूंनी शब्द एकच उचलल्यामुळे नुसते नाव पाहून फाइली लावणारा प्रोग्राम हमखास फसतो.

उलट अडचण वापरकर्त्याने स्वतः घडवलेल्या रकान्यांची आहे. आवक-जावक नोंदवही सांभाळणाऱ्या एका कार्यालयाने फाइलीत ‘आवक क्र.’ असा रकाना केला आणि दुसऱ्याने ‘आवक क्रमांक’ असा, तर कारकुनाला दोन्ही एकच वाटतात, संगणकाला मात्र ते दोन परके शब्द. २०११ साली ओअॅसिस संस्थेने संमत केलेल्या ओडीएफ १.२ मध्ये यावर आरडीएफ या माहिती मांडण्याच्या पद्धतीचा मार्ग खुला झाला. त्यात प्रत्येक माहिती ‘कशाचे – काय – किती’ अशा तीन पदांच्या विधानाने मांडतात आणि मधल्या पदाला वेब-पत्त्यासारखे जगात एकमेव असणारे नाव देतात. पडद्यावर रकान्याचे नाव काहीही दिसो, मागचा पत्ता एक असला की अर्थही एकच धरता येतो.

शिवाय असे विधान अख्ख्या फाइलीऐवजी एखाद्या परिच्छेदाविषयीही करता येते. त्यासाठी परिच्छेदाला ओळखचिन्ह द्यावे लागते, आणि खरी कसोटी इथे लागते. एका फाइलीत एक ओळखचिन्ह दोनदा येऊ शकत नाही. मग परिच्छेदाची नक्कल खाली चिकटवली तर मूळच्या परिच्छेदाविषयी केलेली विधाने नकलेलाही लागू होतात का? ‘हा मजकूर अमुक ठरावातून घेतला’ हे विधान नकलेसोबत जायला हवे, पण ‘हा मजकूर तपासून झाला’ हे जाता कामा नये, कारण नकलेत पुढच्याच क्षणी कोणी बदल करू शकतो. चिकटवणाऱ्या प्रोग्रामला हा भेद आपसूक कळत नाही.

नोटिशीतली तारीख बदलून मी ती, माझे नाव नोंदलेल्या लिबरऑफिसमध्ये, जतन केली. ‘डीसी:क्रिएटर’ म्हणून आता मी आहे. तीच फाइल डॉकएक्स करून पाहिली, तर त्या खुणेत पुन्हा गावी गेलेल्या गृहस्थांचे नाव आले.