एन्कोड केलं म्हणजे नेमकं काय केलं? दोन मायक्रोकंट्रोलरमधल्या वायरलेस डेटाची पार्श्वभूमी

मायक्रोकंट्रोलर (एका चिपमधला छोटा कॉम्प्युटर) असलेल्या दोन छोट्या बोर्डांमधे वायरलेस डेटा पाठवायचा म्हटलं की कोणीतरी लगेच सांगतं, आधी डेटा एन्कोड कर. सल्ला चांगलाच आहे, पण हा एन्कोड शब्द इतक्या वेगवेगळ्या कामांना चिकटलाय की सांगणाऱ्याच्या मनात एक असतं आणि ऐकणारा भलतंच करून बसतो. तो गुंता कसा झाला ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

फार मागे जात नाही. स्वस्तातल्या ४३३ मेगाहर्ट्झच्या रिसीव्हर मॉड्यूलमधे जी सुपररीजनरेटिव्ह (आलेला सिग्नल परत परत फिरवून मोठा करणारी) सर्किट असते तिचा शोध १९२२ चा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्याही आधीचा. आणि मँचेस्टर कोड, म्हणजे बिटांचं सिग्नल करायची एक पद्धत, निघाला १९४० च्या दशकाच्या शेवटी, मँचेस्टर शहरात, एका सुरुवातीच्या कॉम्प्युटरचा डेटा फिरत्या चुंबकीय ड्रमवर साठवताना. प्रत्येक बिटच्या बरोबर मध्यावर सिग्नल पालटतो, त्यामुळे क्लॉकची, म्हणजे बिट कधी वाचायचा त्या ठेक्याची, वेगळी वायर लागत नाही, डेटातूनच क्लॉक काढता येतो. पुढे १० मेगाबिटच्या इथरनेटने तो घेतला, टीव्हीच्या रिमोटमधल्या आरसी-५ या पद्धतीनेही घेतला. मधे ० आणि १ ची दिशाही उलटली, १९४९ च्या पद्धतीत ० म्हणजे खालून वर होतं, इथरनेटच्या पद्धतीत वरून खाली, आणि म्हणून आजही दोन वेगळ्या लायब्ररी (तयार कोडचे संच) जोडल्या की कधीकधी सगळे बिट उलटे निघतात.

आपल्या कामाचा खरा इतिहास सुरू होतो एन्कोडर-डिकोडर चिपच्या जोड्यांपासून. पीटी२२६२ आणि पीटी२२७२, तसंच एचटी१२ई आणि एचटी१२डी. मायक्रोकंट्रोलर नसला तरी चालायचं, चार बटणं लावा, अँटेना लावा, झालं. एचटी१२ई एका वेळी १२ बिट पाठवतो, ८ पत्त्याचे, म्हणजे हे कोणासाठी आहे ते सांगणारे, आणि ४ डेटाचे, आणि एचटी१२डी सलग तीनदा तेच आलं आणि पत्ता जुळला तरच व्हीटी पिन (बरोबर डेटा आला ही खूण) हाय करतो. चेकसम (चूक पकडायचा आकडा) वगैरे काही नाही, तीनदा सारखं आलं हीच खात्री. ५ व्होल्टला एन्कोडरला १ मेगाओहम आणि डिकोडरला ५१ किलोओहमचा रेझिस्टर ही जोडी ज्याने एकदा लावली त्याच्या डोक्यातून जात नाही, कारण डिकोडरच्या ऑसिलेटरचा (चिपचा ठेका धरणारा भाग) वेग एन्कोडरच्या साधारण ५० पट लागतो आणि चुकीचा रेझिस्टर लावला की सगळं वायरिंग बरोबर असूनही एलईडी लागत नाही.

मी पहिल्यांदा हे वापरलं ते एका रोबोटच्या स्पर्धेत. एका हॉलमधे सात-आठ गाड्या, सगळ्यांनी पत्त्याचे आठही पिन ग्राउंडला जोडलेले, कारण सर्किटच्या चित्रात तसंच होतं. माझ्या रिमोटचं बटण दाबलं की शेजारच्या टीमची गाडी पळायची. तेव्हा आम्ही सगळेच म्हणत होतो की डेटा तर एन्कोड केलेला आहे, मग दुसऱ्याच्या गाडीला कळतो कसा? प्रश्न भाबडा होता पण शब्दच तसा आहे.

आणि गुंता इथेच आहे, म्हणून जरा थांबतो. मराठीत आपण सांकेतिक म्हणतो तेव्हा दोन अर्थ एकदम येतात. एक म्हणजे ठरवलेली खूण, जशी रेल्वेची हिरवी झेंडी, ती सगळ्यांना दिसते आणि सगळ्यांना कळावी म्हणूनच असते. दुसरा म्हणजे गुप्त, ज्याला किल्ली माहीत त्यालाच कळणारं, त्याला कूट हा वेगळा शब्द आपल्याकडे आहे पण बोलताना कोणी वापरत नाही. एन्कोडरचंही तेच झालं. पीटी२२६२ च्या डेटाशीटवर (चिपच्या माहितीपत्रकावर) एन्कोडर लिहिलंय, एचटी१२ई वर एन्कोडर लिहिलंय, आणि गाडीच्या चावीत बसणाऱ्या एचसीएस३०१ वरही एन्कोडरच लिहिलंय. पहिल्या दोघी फक्त झेंडी दाखवतात. तिसरी खरोखर कूट करते, दर दाबाला कोड बदलतो, ६६ बिटांच्या फ्रेममधे (एका संदेशात) ३२ बिट एनक्रिप्ट, म्हणजे कूट, केलेले असतात. नाव मात्र तिघींचं एकच! भरीला पीटी२२६२ च्या डेटाशीटमधे ५,३१,४४१ कोड शक्य आहेत असा आकडा दिलेला, म्हणजे ३ चा १२ वा घात, तो वाचून कोणालाही वाटणार की हे कुलूप आहे. माझं स्पष्ट मत आहे की त्या आकड्याने जितका गैरसमज झाला तितका कशानेच झाला नाही. तो आकडा आहे दोन गाड्यांची गल्लत होऊ नये म्हणून. ज्याने सिग्नल एकदा रेकॉर्ड केला त्याला पाच लाखांतला एक ओळखायची गरजच नाही, तो तसाच्या तसा परत सोडला की अशा रिमोटवर चालणारं गेट उघडतं.

आता मायक्रोकंट्रोलरकडे. २००५ मधे इटलीतल्या इव्रेआ गावात आर्डुइनो सुरू झाला आणि काही वर्षांत लोकांनी एन्कोडर चिप काढून टाकल्या, म्हणाले बोर्डाचा सिरीयल डेटा बाहेर पाठवणारा टीएक्स पिन थेट ट्रान्समीटरला जोडू. इथे एक प्रयोग सांगतो, ज्याला शंका असेल त्याने करून बघावा. सिरीयलवरून इंग्रजी कॅपिटल यू सतत पाठवा. त्याचा कोड हेक्समधे ५५, बाइटची सुरुवात आणि शेवट दाखवणारे स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून पिनवर ०१०१०१०१०१ असं एकाआड एक जातं, आणि पलीकडे बऱ्यापैकी स्वच्छ येतं. आता यू काढून शून्य बाइट पाठवा, स्टार्ट बिटपासून सलग नऊ वेळा ० आणि मग एकच १, आणि पलीकडे कचरा दिसायला लागतो. तोच रिसीव्हर, तेवढंच अंतर, फक्त अक्षर बदललं.

कारण असं की रिसीव्हरला १ म्हणजे किती आणि ० म्हणजे किती हे मुळात माहीतच नसतं, तो येणाऱ्या सिग्नलची सरासरी काढतो आणि तिच्या वर असेल तर १, खाली असेल तर ० म्हणतो. बराच वेळ नुसती शून्यंच आली की सरासरी खाली सरकते, आणि मग साधी खरखरसुद्धा तिच्या वर जाऊन १ म्हणून मोजली जाते. ट्रान्समीटर बंद असताना डेटा पिन सतत उड्या मारत असतो तो याचमुळे, मॉड्यूल खराब आहे असं नाही.

म्हणून २००८ च्या सुमाराला व्हर्च्युअलवायर नावाची लायब्ररी आली तेव्हा तिने जे केलं ते मला आजही फार आवडतं. प्रत्येक बाइटचे चार-चार बिटांचे दोन तुकडे, आणि प्रत्येक तुकड्याच्या जागी सहा बिटांचं सिम्बॉल, ज्यात बरोबर तीन १ आणि तीन ०. असे पॅटर्न होतात २०, लागतात १६, मग ०००१११, ००१०११, ११०००१ आणि १११००० हे चार बाजूला ठेवले. आता कुठलीही दोन सिम्बॉल शेजारी ठेवून बघा, सलग चारपेक्षा जास्त सारखे बिट येतच नाहीत, सरासरी मधेच राहते. मँचेस्टरमधे एका बिटचे दोन होतात, इथे चाराचे सहाच होतात, म्हणजे तेवढ्याच वेळात जास्त डेटा जातो. आणि बाजूला ठेवलेल्या चारातलं १११००० वाया नाही घालवलं, मेसेज कुठून सुरू होतो ते सांगणाऱ्या खुणेत बसवलं. त्याआधी ३६ बिट नुसते एकाआड एक, रिसीव्हर स्थिरावण्यासाठी, आणि शेवटी १६ बिटांचा सीआरसी, म्हणजे वाटेत झालेली चूक पकडायचा आकडा. वेग सेकंदाला २००० बिटच्या आसपास, तापमान किंवा दाराचा सेन्सर असेल तर भरपूर झाला. २०१४ मधे हेच रेडिओहेड नावाच्या पुढच्या लायब्ररीत गेलं आणि तिथे अजून आहे.

पण यातही लपवलेलं काहीच नाही. ज्याच्याकडे तीच लायब्ररी त्याला सगळं वाचता येतं, आणि ते तसंच असायला हवं, तो या थराचा प्रश्नच नाही. कूट करायचं तर ते आधी, सहा-बिटीचा तक्ता लावायच्या आधी आणि सीआरसी मोजायच्या आधी, आणि सोबत वाढत जाणारा मोजणी आकडा हवा, नाहीतर रेकॉर्ड करून परत सोडायची वाट उघडीच. अर्थात कूट केलं म्हणजे कायमचं झालं असंही नाही. एचसीएस३०१ मधलं कीलॉक, म्हणजे तिची कूट करायची रीत, १९८० च्या दशकातलं, ६४ बिटांची किल्ली आणि ५२८ फेऱ्या, आणि २००८ मधे चिप किती वीज खाते ते मोजून किल्ली काढून दाखवली गेली.

व्हर्च्युअलवायरच्याच काळात २.४ गिगाहर्ट्झची एनआरएफ२४एल०१ ही रेडिओ चिप आली आणि सरासरी, सिम्बॉल, स्टार्टची खूण हे सगळं चिपच्या पोटात गेलं. ३२ बाइट द्या, सीआरसी तीच लावते, पोच तीच मागते, नाही आली तर १५ वेळापर्यंत परत पाठवते. आपण फक्त पॉवर पिनजवळ १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावायला विसरायचं नाही. सोय झाली, पण आता लोकांना एन्कोडिंग दिसेनासंच झालं, आणि चिप सगळं करते म्हणजे सुरक्षाही करत असेल असं धरलं गेलं. ती करत नाही, एनक्रिप्शन तिच्यात नाहीच. २०१६ मधे याच घराण्यातल्या चिपवर चालणाऱ्या बऱ्याच वायरलेस माऊस-कीबोर्डबद्दल उघड झालं की त्यांचे डोंगल (कॉम्प्युटरला लावायचे छोटे रिसीव्हर) एनक्रिप्ट न केलेली बटणंही स्वीकारतात, म्हणजे लांब बसून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर टाइप करता येत होतं. स्पर्धेच्या हॉलमधली माझी गाडी आणि हे, दोन्हीकडे चूक एकाच जातीची.

ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ या वायफायवाल्या चिपवरच्या, दोन बोर्डांत थेट डेटा पाठवणाऱ्या ईएसपी-नाऊमधे ही दोन कामं निदान वेगळी दिसतात. मूळ आवृत्तीत २५० बाइटपर्यंतचं पाकीट, लाइन कोडिंगला (बिटांचं सिग्नल करायच्या कामाला) हात लावायची गरज नाही, आणि ईएसपी३२ वर समोरच्या बोर्डाची माहिती भरताना एनक्रिप्ट नावाचा वेगळा रकाना असतो, तो आपण ट्रू करून किल्ली दिली तरच पाकीट बंद होतं. ब्रॉडकास्टने सगळ्यांना एकदम पाठवलं तर मात्र ते उघडंच जातं.