चालताना वजन घ्यायचं तर व्हेस्ट की सॅक?

रोजच्या चालण्याला वजनाची जोड द्यायची म्हटलं की दोन गोष्टी समोर येतात आणि बरेच जण त्यांना एकच समजतात. एक म्हणजे वेटेड व्हेस्ट: वाळूच्या किंवा धातूच्या छोट्या पिशव्या बसवलेलं, अंगासरशी बसणारं बिनबाह्यांचं जॅकेट. दुसरी म्हणजे रकिंग: पाठीवरच्या सॅकमध्ये वजन भरून चालणं. ही सवय सैनिकांच्या सरावातून इतरांकडे आली. काट्यावर ठेवलं तर दोन्हींतले 7 किलो सारखेच. अंगावर घेतलं की मात्र ते वेगळे वागतात.

सॅक पाठीवर चढवली की एकूण वजनाचा तोल मागे सरकतो. तो सावरायला धड आपोआप पुढे झुकतं, आणि समोर बघायचं म्हणून मान वर उचलावी लागते. वजन वाढेल तसा हा झुकाव वाढतो. व्हेस्टमध्ये वजन छाती आणि पाठ यांत वाटलेलं असतं, त्यामुळे धड बरंचसं सरळ राहतं. 1971 मध्ये दत्ता आणि रामनाथन या संशोधकांनी ओझं वाहण्याच्या सात पद्धती एकमेकींशी ताडून पाहिल्या होत्या. ओझं पुढे-मागे वाटून घेण्याची पद्धत सगळ्यांत कमी दमवणारी ठरली. हातात धरून नेणं सगळ्यांत महाग पडलं, जे पिशव्या उचलणाऱ्या कुणालाही आधीच ठाऊक असतं.

मग व्हेस्टच सरस म्हणायचं का? तोलाच्या बाबतीत हो. पण व्हेस्टचा सगळा भार खांद्यांवर लटकतो आणि छातीभोवती आवळलेला असतो. श्वास घेताना बरगड्या फुलतात, तेव्हा प्रत्येक वेळी त्यांना तो भार रेटावा लागतो. घामाला वाट मिळत नाही, अंग लवकर तापतं. चांगल्या सॅकला कमरेचा पट्टा असतो, आणि तो नितंबाच्या हाडांवर नीट बसवला की भाराचा मोठा वाटा खांद्यांवरून उतरतो. व्हेस्टला ही सोय सहसा नसतेच. म्हणून अर्ध्या तासाच्या चालीला व्हेस्ट सुटसुटीत, तर दोन-तीन तासांच्या वाटेला सॅक, असा माझा सरळ हिशोब आहे.

अर्थात, सॅक म्हणजे कमरेच्या पट्ट्याची सॅक. वह्या-पुस्तकांच्या दप्तरात जड वस्तू कोंबून तासन्‌तास चालू नये. अरुंद पट्टे खांद्यात रुततात आणि हाताकडे जाणाऱ्या नसांवर दाब येतो. हात बधिर होणं, मुंग्या येणं, दंड उचलताना जोर न लागणं, या त्रासाला वैद्यकात रकसॅक पाल्सी असं नावच आहे. मुंग्या आल्या तर ओझं तिथेच उतरवावं. सॅक भरताना जड वस्तू पाठीला चिकटून आणि खांद्यांच्या पात्यांच्या आसपास हवी. तळाशी, बाहेरच्या बाजूला लोंबणारं वजन पावलागणिक मागे खेचत राहतं.

आता ज्यासाठी बहुतेक लोक हा खटाटोप करतात, ते कॅलरीचं गणित. पँडॉल्फ, गिव्होनी आणि गोल्डमन यांनी 1977 मध्ये ओझ्यासह चालण्याच्या ऊर्जेचं सूत्र मांडलं, आणि ते आजही वापरात आहे. त्यात 70 किलोच्या माणसाचे आकडे घालून पाहू. सपाट, कठीण रस्ता, वेग ताशी 5 किलोमीटर. ओझ्याशिवाय तासाला साधारण 265 किलोकॅलरी खर्च होतात. अंगावर 7 किलो चढवले तर 283. म्हणजे वाढ जेमतेम 7 टक्के. ओझं तसूभरही न घेता वेग ताशी 6 केला, तर वाढ 29 टक्के होते. वेग 5 वरच ठेवून 5 टक्के चढाचा रस्ता धरला, तर खर्च निम्म्याहूनही जास्त वाढतो. सूत्राचे आकडे अंदाजाचेच असतात, शरीरागणिक कमी-जास्त होणार. पण कशाने किती फरक पडतो ते त्यातून लख्ख दिसतं. ज्याला अजून भरभर चालताच येत नाही, त्याने वजनाची खरेदी पुढे ढकललेली बरी.

मग वजन घ्यायचंच कशाला? ज्यांना वेग आणखी वाढवता येत नाही किंवा वाढवायचा नाही, ज्यांच्या आसपास चढ नाही, किंवा ज्यांना पाठीवर सामान घेऊन डोंगर चढायचे आहेत, त्यांच्यासाठी. शेवटच्या गटाने तर व्हेस्टच्या वाटेला जाऊच नये. जे प्रत्यक्षात वाहायचंय त्याचाच सराव हवा. खांद्यांना पट्ट्याची आणि कमरेला भाराची सवय व्हेस्टमुळे होत नाही.

व्हेस्टची खरी जागा मला चालण्यापेक्षा इतर हालचालींत दिसते. जिने चढणं, उठाबशा, पायरीवर चढ-उतार, छोट्या उड्या. व्हेस्ट अंगाला धरून राहते, सॅक उडीगणिक पाठीवर आपटते. हाडांबद्दल जे दावे होतात, त्यांचा उगमही इथेच सापडतो. रजोनिवृत्तीनंतरच्या काही स्त्रियांनी पाच वर्षं व्हेस्ट घालून व्यायाम केला आणि त्यांच्या नितंबाच्या हाडांची झीज टळली, असा एक अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. गट अगदी लहान होता, आणि त्या स्त्रिया उड्या मारत होत्या, हे सांगताना नेमकं गाळलं जातं. 2025 मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत वजन कमी करू पाहणाऱ्या, लठ्ठपणा असलेल्या 150 वयस्क व्यक्ती होत्या. त्यातल्या एका गटाने वर्षभर रोज काही तास व्हेस्ट घातली. तरीही नितंबाच्या हाडांची घनता इतर गटांसारखीच घटली. तेव्हा ‘व्हेस्ट घालून फिरा, हाडं मजबूत करा’ हा सल्ला सध्या तरी पुराव्याच्या पुढे धावतोय.

गुडघ्यांच्या दृष्टीने दोन्हींत फारसं डावं-उजवं नाही. 2005 च्या एका अभ्यासात, गुडघ्याची संधिवाताची झीज असलेल्या वजनदार वयस्कांचं वजन एक किलोने उतरलं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, असं दिसलं होतं. ओझं चढवल्यावर हेच गणित तंतोतंत उलटं चालेल असं नाही, पण रोख कळतो. म्हणून सुरुवात शरीराच्या वजनाच्या 5 टक्क्यांनी करावी, म्हणजे 70 किलोच्या माणसाने साडेतीन किलोंनी. आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरेत. व्हेस्टमध्ये 10 टक्क्यांच्या पुढे जाण्याची गरज रोजच्या फिरण्यात पडत नाही. मणक्याची हाडं ठिसूळ झालेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, हृदयाचा किंवा तोल जाण्याचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. खोकताना किंवा चालताना लघवी गळत असेल तरीही विचारावं, कारण ओझ्याने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवरचा ताण वाढतो.

घोट्याला बांधायच्या वजनपट्ट्या या दोन्हींच्या जवळपासही ठेवू नयेत. पायाला बांधलेला एक किलो धडावरच्या एक किलोपेक्षा कितीतरी महाग पडतो, कारण प्रत्येक पावलाला तो नव्याने झुलवावा लागतो, आणि चालीची ढबही बिघडते.

सॅकच्या बाजूने एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरता येतात. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे काटाही लागत नाही. चढून झालं की उतरण्याआधी पाणी झाडांना घालून रिकाम्या बाटल्या घेऊन यावं. उतारावर गुडघ्यांना जास्त मार बसतो आणि दम मात्र फारसा लागत नाही, त्यामुळे ते ओझं खाली आणण्यात काही हशील नसतं.