स्वप्नात आलेली उपाशी बाई

कानबाई म्हणजे आमच्या खानदेशात श्रावणात घरी बसवली जाणारी देवी. तिच्या आदल्या रात्री पडलेलं एक स्वप्न मी वहीत लिहून ठेवलं आहे. नागपंचमी होऊन गेली होती, रविवारी कानबाई बसणार होती. रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ मोजून गहू काढलेले, दळण झालेलं, डाळ निवडलेली. मध्यरात्री पाठ टेकली आणि पहाटे दिसलं ते असं: चुलीपाशी एक बाई फतकल मारून बसली आहे. केस मोकळे, लुगडं मळलेलं. कानबाईला अजून नैवेद्य दाखवायचा आहे आणि ही रोटाचं पुरण मुठीमुठीनं तोंडात कोंबते आहे. मी ओरडले, ‘अगं, रोट आहे तो, भाऊबंदांनी एकत्र बसून खायचा!’ तिनं वर बघितलं. तिच्या हातात माझ्याच बांगड्या होत्या, एक पिचलेली, तीसुद्धा माझीच.

सकाळी सासूबाईंना सांगितलं. अशुभ म्हणतील असं वाटलं होतं. त्या पुरण वाटता वाटता एवढंच म्हणाल्या, “कोन उपाशी शे वं घरमा?”

मी मानसशास्त्र शिकवते. कार्ल गुस्ताफ युंग यांचा सिद्धांत वर्गात कितीतरी वेळा फळ्यावर मांडला असेल, पण त्याचं मर्म इतक्या नेमक्या प्रश्नात मला कधी सापडलं नव्हतं.

युंग १८७५ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मले. १९०० पासून झुरिकच्या मनोरुग्णालयात काम करताना त्यांच्या लक्षात आलं की रुग्णांच्या भ्रमांत आणि स्वप्नांत येणाऱ्या आकृत्या जुन्या पुराणकथांसारख्या आहेत. आई, म्हातारा ज्ञानी, फसव्या, वीर, राक्षस. ज्यांनी ती पुराणं कधी वाचली-ऐकली नाहीत त्यांच्याही मनात त्या येतात. १९१३ मध्ये मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी त्यांचं फाटलं, आणि १९१९ मध्ये त्यांनी या मूळ आकृतिबंधांसाठी ‘आर्किटाइप’ हा जो शब्द वापरला, त्याला मराठीत आपण ‘आदिबंध’ म्हणतो. हे आदिबंध ज्या थरात असतात तो एकट्याचा नसतो, सगळ्या मानवजातीचा असतो, असं त्यांचं म्हणणं. त्या थराचं नाव सामूहिक नेणीव.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. आदिबंध म्हणजे डोक्यात आधीपासून टांगलेलं चित्र नव्हे. युंग यांनी स्वतःच त्याला नदीच्या पात्राची उपमा दिली आहे: पाणी आटलं तरी पात्र राहतं, आणि पाणी पुन्हा कधीही आलं तरी ते पात्र शोधून काढतं. अमळनेरची बोरी नदी उन्हाळ्यात पाहिलेल्याला हे वेगळं समजवायला नको. वैशाखात नुसती वाळू असते, त्या वाळूत पोरं क्रिकेट खेळतात. पण वरच्या भागात एक दणकून पाऊस पडला की पाणी कुणालाही वाट विचारत नाही.

कानबाईचंही तेच आहे. पाटावर असतं एक नारळ. त्याला डोळे लावले, नथ घातली, वस्त्र नेसवलं, दागिने घातले की ती आई होते; रात्रभर तिच्यापुढे अहिराणी गाणी होतात आणि दुसऱ्या दिवशी तिला निरोप देताना बायांचे डोळे भरून येतात. शेजारच्या घरातली कानबाई वेगळी सजलेली असते. नारळ सगळीकडे तेच, नथ ज्याच्या त्याच्या घरची. म्हणूनच ‘स्वप्नात अमुक दिसलं तर तमुक होतं’ सांगणाऱ्या पुस्तिकांवर माझा अजिबात विश्वास नाही. त्या सगळ्यांना एकच नथ घालतात.

साप घ्या. आमच्याकडे कितीतरी गावांत शेतीची लाईट रात्री येते. माणूस बॅटरी घेऊन केळीला नाहीतर कपाशीला पाणी द्यायला जातो, आणि घरातले त्या वेळी सापाचं नावसुद्धा घेत नाहीत, ‘लांबडं’ म्हणतात. चावला तर ‘पान लागलं’. अशा माणसाच्या स्वप्नातला साप आणि शहरात चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या त्याच्या मुलाच्या स्वप्नातला साप एकच कसा असेल? तरीही दोघांच्या स्वप्नात साप येतो, हे मात्र विचार करण्यासारखं आहे.

१९८० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ सुझन मिनेका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतच वाढलेल्या, साप कधीही न पाहिलेल्या माकडांवर प्रयोग केले. या माकडांना सुरुवातीला सापाची विशेष भीती नव्हती. दुसरं माकड खेळण्यातल्या सापाला घाबरताना त्यांनी व्हिडिओवर पाहिलं आणि तीही घाबरायला लागली. मग संशोधकांनी व्हिडिओ असा जुळवला की तेच माकड फुलांना घाबरतं आहे असं दिसावं. फुलांची भीती मात्र माकडं शिकली नाहीत. म्हणजे भीती जन्मजात नव्हती, पण ती चटकन शिकण्याची तयारी होती. पात्र होतं, पाणी नंतर आलं.

यावरून युंग यांचा सगळा सिद्धांत सिद्ध झाला असं मी म्हणणार नाही. ‘ज्ञानी म्हातारा’ किंवा ‘छाया’ (मनाची नाकारलेली बाजू) मेंदूत वारशानं येते असं दाखवणारा पुरावा नाही, आणि आदिबंधाची कल्पना इतकी पसरट आहे की ती चुकीची ठरवायची कशी हेच कळत नाही, हा आक्षेप मला रास्त वाटतो. जगभरच्या कथा एकसारख्या असण्याचं कारण साधंही असू शकतं: सगळीकडे माणसाला आई असते, शत्रू असतो, मरण असतं. १९७७ मध्ये ॲलन हॉब्सन आणि रॉबर्ट मॅकार्ली यांनी तर मांडलं की झोपेत मेंदूच्या खोडातून उठणाऱ्या संकेतांना मेंदूचा वरचा भाग जमेल तशी गोष्ट चिकटवतो, तेच स्वप्न. मला विचाराल तर, गोष्ट चिकटवलेली असली तरी ती कुठली चिकटवली हे माझंच असतं.

पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपण म्हणतो, त्यामागची एक गंमत इथेच सांगते. साधारण दर दीड तासाने झोपेत एक टप्पा येतो, त्यात डोळे पापण्यांखाली भराभर हलतात. १९५३ मध्ये युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी त्याचं वर्णन केलं. सर्वांत जिवंत स्वप्नं बहुधा याच टप्प्यात पडतात. रात्र सरत जाते तसा हा टप्पा लांबत जातो आणि पहाटे जाग येते ती बऱ्याचदा त्यातूनच, म्हणून पहाटेचं स्वप्न लक्षात राहतं. त्या वेळी मेंदूचा भीती आणि भावना हाताळणारा भाग जोरात चालू असतो, तर तर्क आणि आवर सांभाळणारा पुढचा भाग मंदावलेला असतो. दिवसभर ‘असू द्या, मी करते’ म्हणणारी शहाणी सून त्या वेळी पहाऱ्यावर नसते.

युंग यांचं एक स्वप्न मला फार जवळचं वाटतं, कारण ते आपल्या देशात पडलं. १९३७ च्या अखेरीस ते भारतात आले, हिंडले, आणि कोलकात्यात आमांशानं आजारी पडून दहा दिवस रुग्णालयात होते. इतकी देवळं, इतक्या मूर्ती पाहून झाल्यावर एखाद्याला शंकर-पार्वती दिसावेत. त्यांना दिसलं इंग्लंडच्या दक्षिणेकडचं एक बेट, एक मध्ययुगीन वाडा आणि ख्रिस्ती दंतकथेतला पवित्र पेला, होली ग्रेल. तो आणायला थंडगार पाण्यातून आपल्याला एकट्यानं पोहत जावं लागणार आहे, असं त्यांना स्वप्नात कळलं. भारतात काय शोधतोस, तुझं औषध तुझ्या मातीत शोध, असा त्यांनी त्याचा अर्थ लावला.

तर माझ्या मातीतली ती बाई. युंग तिला छाया म्हणाले असते. आपण स्वतःचं जे जे नाकारतो, लाज वाटते म्हणून मागे ढकलतो, ते मनात एका माणसाचं रूप घेतं आणि स्वप्नात ते बहुतेक वेळा आपल्याच लिंगाचं असतं: बाईला बाई, पुरुषाला पुरुष. छाया म्हणजे वाईटच असं नाही. हक्क, राग, भूक, कधी कधी हसणंसुद्धा तिथे जाऊन पडलेलं असतं. युंग यांच्या मते माणसाची वाढ म्हणजे तिला हाकलणं नाही, तिची ओळख पटणं आणि तिला घरात जागा देणं.

जागा कशी द्यायची? युंग सांगत, जागेपणी स्वप्नातल्या त्या माणसाशी बोला, त्याला उत्तर देऊ द्या. अलीकडच्या उपचारांत याच्या शेजारची एक पद्धत चांगली तपासली गेली आहे. त्रास देणारं स्वप्न कागदावर लिहायचं, हवा तसा बदल करायचा आणि नवं स्वप्न रोज थोडा वेळ मनात घोळवायचं. २००१ मध्ये बॅरी क्राकाव आणि सहकाऱ्यांनी लैंगिक अत्याचार सोसलेल्या १६८ स्त्रियांच्या अभ्यासात दाखवलं की यानं दुःस्वप्नं कमी होतात. इतका खोल घाव असेल तर ते एकट्यानं करू नये, तज्ज्ञाचा हात धरावा.

माझा घाव तसा नव्हता. मी वहीत नवं स्वप्न लिहिलं: मी ओरडत नाही, तिच्यापुढे पाट मांडते. आणि पुढच्या श्रावणात सासूबाईंना म्हटलं, यंदा रात्री गाणी सुरू झाली की मी चुलीपाशी नसेन, पुढे बसेन. त्यांनी मान हलवली आणि धाकट्या दिराला पातेली उचलायला सांगितलं. मला अहिराणी ओव्या पूर्ण येत नाहीत, तरी त्या रात्री घसा बसेपर्यंत गायले.

थंडीत ती पुन्हा एकदा स्वप्नात आली. चुलीपाशी नव्हती, ओट्यावर उन्हात बसली होती, केस नुकतेच धुतलेले. पाणी मागितलं. मी तांब्या भरून दिला.