अनफिट ठरतो, पण दिव्यांग ठरत नाही: तोतरेपणाच्या स्वीकाराची पार्श्वभूमी

तोतरेपणाबद्दल मराठीत बोलायला गेलं की पहिला घोळ शब्दांचाच. ‘बोबडा’ आणि ‘तोतरा’ आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. बोबडं बोलणाऱ्याचा उच्चार बदलतो, ‘र’चा ‘ल’ होतो. तोतऱ्याचा उच्चार शाबूत असतो, शब्द बाहेर पडताना अडतो. 2009च्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटात जुळे भाऊ होते, एक ‘स’ला ‘फ’ म्हणणारा आणि दुसरा तोतरा. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना आज दोघंही तोतरेच आठवतात. त्यात आपले वाक्प्रचार. घाबरलेल्याची ‘बोबडी वळते’, चोरी पकडली गेली की माणूस ‘त त प प’ करतो. म्हणजे अडखळणारा एकतर भेदरलेला किंवा काहीतरी दडवणारा, हे भाषेनंच ठरवून टाकलंय.

दडवणं खरंच चालतं, फक्त ते अडखळण्याचंच. कोथरूडहून डेक्कनला जायचं असताना मी कित्येक महिने त्याच्या पुढच्या मनपा स्टॉपचं तिकीट काढायचो. पैसे थोडे जास्त जायचे, पण ‘ड’ टाळूला चिकटून बसायचा आणि ‘म’ ओठांवरून सहज सुटायचा. कंडक्टरला काय पडलेलं? डेक्कन आलं की मी गुपचूप उतरायचो.

जुन्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सुश्रुतसंहितेत मूक, मिन्मिन (नाकातून बोलणं) आणि गद्गद (अस्पष्ट, अडखळतं बोलणं) अशा वाचेच्या तीन अवस्था येतात, आणि शब्दवाहिनी धमन्यांत कफासह वायूचा अडथळा हे कारण दिलेलं आहे. घरोघरी वेखंड उगाळून मधातून चाटवणं आणि अक्कलकरा चघळायला देणं चालत आलं. युरोपनं याहून भयंकर प्रकार केले. 1841 साली बर्लिनमध्ये एका नावाजलेल्या शल्यविशारदानं तोतऱ्यांच्या जिभा कापून पाहिल्या, तेही भूल देण्याची सोय येण्याआधी. त्यापुढे वेखंड परवडलं.

अडखळणं लपवण्याऐवजी मान्य करून बोलायचं, ही ‘स्वीकारा’ची कल्पना तशी अलीकडची. तिचं मूळ अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात, 1930च्या आसपास. तिथले काही संशोधक स्वतःच तोतरे होते. अडखळण्यापेक्षा अडखळण्याची भीती माणसाला जास्त जखडते, हे त्यांना स्वानुभवानं ठाऊक होतं. मुद्दाम अडखळून भीती मोडायची, ही युक्ती त्यांच्याच पिढीची. 1939 मध्ये याच विद्यापीठातून एका अनाथालयातल्या 22 मुलांवर प्रयोग झाला. नीट बोलणाऱ्या काही मुलांनाही ‘तुम्ही अडखळता’ असं सांगत राहायचं आणि काय होतं ते पाहायचं! विद्यापीठानं माफी मागितली ती 2001 साली. पुढे 1970 मध्ये हिमनगाची उपमा आली. ऐकू येतं ते वरचं टोक, आणि लाज, टाळाटाळ, बदललेली तिकिटं हे सगळं पाण्याखाली.

आपल्याकडे वाचा-श्रवणाचं रीतसर शिक्षण 1960च्या दशकात म्हैसूर आणि मुंबईत सुरू झालं. तिथून बाहेर पडलेल्या थेरपिस्टांचा भर साहजिकच ओघवतं बोलता येण्यावर होता. हळू बोला, श्वास सोडत शब्द काढा, पहिलं अक्षर लांबवा. खोलीत हे जमायचं. दार उघडून रिक्षावाल्याशी बोलायची वेळ आली की सगळं मुसळ केरात. यात थेरपिस्टांचीच चूक होती असं नाही, पण ‘बरं होणं’ एवढंच उद्दिष्ट ठेवलं की प्रत्येक अडखळ नापासाचा शिक्का वाटू लागते.

2008च्या सुमारास चित्र पालटू लागलं. ज्यांना स्वतःला तोतरेपणा आहे अशांनीच देशभर स्वयंसाहाय्य गट उभे केले, पुण्या-मुंबईतही. रविवारी बागेत भेटायचं, प्रत्येकानं नाव सांगायचं, कितीही वेळ लागला तरी कुणी वाक्य पुरं करून द्यायचं नाही. मग रस्त्यावर. लक्ष्मी रोडवर उभं राहून दहा अनोळखी माणसांना ‘तु-तु-तुळशीबाग कुठंय?’ असं मुद्दाम अडखळत विचारायचं. मला पहिल्याच काकांनी ‘समोर दिसत नाही का?’ असं सुनावलं. माझ्या अडखळण्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं, प्रश्नाचाच राग आला होता. इतकं मोकळं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

याच गटांत एका प्रश्नावरून मात्र उभी फूट पडते: तोतरेपणा हे दिव्यांगत्व आहे का?

दिव्यांगांसाठीच्या 1995च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते आणि वाचादोष त्यांत स्वतंत्रपणे नव्हताच. 2016च्या कायद्यानं प्रकार 21 केले आणि त्यांत ‘वाचा व भाषा दिव्यांगत्व’ आलं. आनंद झाला, पण व्याख्या वाचेपर्यंतच. स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा अफेजियासारख्या (मेंदूला इजा होऊन भाषा हरपण्यासारख्या) स्थितीतून, शारीरिक वा मज्जासंस्थेच्या कारणांनी आलेलं कायमस्वरूपी दिव्यांगत्व, असा तिचा आशय. एकेक शब्द वादाचा. ‘कायमस्वरूपी’ म्हणाल तर तोतरेपणा सकाळी एक आणि संध्याकाळी एक असतो. एकट्यानं वाचताना, गाताना जवळपास नाहीसा होतो. प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीच्या दिवशी नेमकं चांगलं बोललात तर संपलंच. ‘मज्जासंस्थेचं कारण’ म्हणाल तर मेंदूच्या अभ्यासांनी तसे पुरावे दिलेत, आणि 2010 साली पाकिस्तानातल्या कुटुंबांपासून सुरू झालेल्या संशोधनातून काही जनुकंही हाती लागली. शिवाय व्याख्येत ‘यांसारख्या’ असा शब्द आहे, म्हणजे यादी बंद नाही. तरी तिथे तोतरेपणाचं नाव नाही ते नाहीच.

स्वीकारवाल्यांपैकी एका बाजूचं म्हणणं, आम्ही वेगळ्या पद्धतीनं बोलतो एवढंच, प्रमाणपत्र घेतलं की पुन्हा दोष चिकटला. त्यात 2015 नंतर ‘दिव्यांग’ हा शब्द रुळला, तो काहींना गोड वाटतो, काहींना त्याची चीड येते. दुसरी बाजू विचारते, तोंडी परीक्षेत जादा वेळ मागायचा तो कुठल्या आधारावर? ‘सवलती लाटायच्यात’ हा टोमणा तर दोन्हीकडून येतो. तो मारणाऱ्यांनी 2016च्या कायद्याचं कलम 34 वाचावं. सरकारी नोकरीतल्या 4 टक्के आरक्षणाच्या यादीत वाचा-भाषा दिव्यांगत्व स्वतंत्रपणे नाहीच. मागणी आहे ती मुख्यतः वेळेची आणि हसू न होण्याची.

दुसरीकडे सैन्य आणि अनेक सरकारी सेवांच्या वैद्यकीय निकषांत उमेदवाराचं बोलणं निर्दोष हवं अशी अट वर्षानुवर्षं आहे. तिथे तोतरेपणा अचानक एकदम खरा, ठोस, मोजता येण्याजोगा होतो. अनफिट ठरवायला पुरेसा, दिव्यांग ठरवायला अपुरा. ब्रिटनमध्ये 2010च्या समानता कायद्याखाली, रोजच्या जगण्यावर लक्षणीय परिणाम होत असेल तर, तोतरेपणा संरक्षणात येऊ शकतो. आपल्याकडे हा निर्णय बहुतेकदा तपासणाऱ्या डॉक्टरवर सोडलेला दिसतो.

दरम्यान गटातल्या मुलांनी स्वतःपुरती वाट काढलीय. मुलाखतीला बसलं की पहिलंच वाक्य: ‘मी अडखळतो, मला थोडा जास्त वेळ लागेल.’ सरावानं ते जमतं. समोरची मंडळी अजूनही घाईघाईनं पाण्याचा ग्लास पुढे सरकवतात.