सभेची नोटीस: लखोट्यापासून टॅबपर्यंत

नगरपरिषदेच्या सभेची कागदपत्रे छापील गठ्ठ्याऐवजी टॅबवर द्यावीत असा विषय निघाला की बोलणे बहुधा कागद किती वाचेल आणि टॅबला किती पैसे पडतील या हिशेबाशी येऊन थांबते. बदलाच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र याहून जुना आहे. सभेत कोणता विषय येणार आहे हे सदस्याला वेळेत कळले होते, याचा पुरावा काय? सभेचा कागद वाचण्यासाठी असतो खरा, पण कोकणातल्या कोणत्याही जुन्या कार्यालयाचे दप्तर उघडले तर तो पुराव्यासाठीच अधिक जपलेला दिसतो.

कोकणपट्टीत ही परंपरा लहान नाही. नगरपालिका स्थापण्याची वाट मोकळी करणाऱ्या १८५० च्या कायद्यानंतर १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका आली. रत्नागिरी आणि वेंगुर्ले येथील नगरपालिका १८७६ च्या. १८८२ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याविषयीचा ठराव झाला आणि त्यानंतर निवडून आलेल्या सदस्यांचे प्रमाण वाढू लागले. सभा सरकारी अंमलदारांच्या तंत्राने चालते तोवर नोटिशीला फारसे महत्त्व नसते. तट पडले, मते मोजली जाऊ लागली, म्हणजे ‘मला विषय कळवलाच नव्हता’ या तक्रारीला वजन येते.

पुढे राज्याच्या १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाने सर्वसाधारण सभेसाठी सात आणि विशेष सभेसाठी तीन पूर्ण दिवसांची नोटीस ठरवून दिली. ‘पूर्ण’ हा शब्द येथे नेमका आहे, कारण नोटीस मिळाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस हे दोन्ही त्यात धरले जात नाहीत. वेळ, ठिकाण आणि विषय नमूद केलेली ही नोटीस सदस्यावर बजावायची आणि कार्यालयाच्या फलकावरही लावायची असते. जावक क्रमांक घातलेला लखोटा, तो घरोघर नेणारा शिपाई आणि बटवड्याच्या वहीतली तारखेसह सही ही सगळी व्यवस्था त्या पूर्ण दिवसांच्या हिशेबासाठीच उभी राहिली. सदस्य मुंबईला गेला असेल तर घरच्या माणसाची सही चालते का, हा वाद तर बहुतेक ठिकाणी कधी ना कधी झालेला असतो.

नगरपरिषदेत हे काम निदान गावाच्या हद्दीत तरी होते. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या तेव्हा रत्नागिरी जिल्हा मंडणगडपासून सावंतवाडीपर्यंत पसरलेला होता आणि सिंधुदुर्ग वेगळा व्हायला १ मे १९८१ उजाडावा लागला. मधली जवळजवळ दोन दशके सावंतवाडी-वेंगुर्ल्याच्या सदस्याचे सभेचे कागद रत्नागिरीहूनच निघत. वाटेत खाड्या होत्या, घाटवळणे होती, शिवाय चार महिन्यांचा पाऊस. जिल्हा परिषदेच्या कायद्यात नोटिशीची मुदत नगरपरिषदेहून मोठी आहे, ती अशा अंतरांकडे पाहिले की जास्त वाटत नाही.

कागदाचे स्वरूपही दरम्यान बदलत गेले. मोडी लेखन मागे पडून बाळबोध म्हणजे देवनागरी लिपी रुळली, कार्बन कागदाच्या जागी सायक्लोस्टाइल या प्रती काढण्याच्या यंत्राचे मेणकागदी स्टेन्सिल आले, मग झेरॉक्स आली. माझ्या मते खरा फरक झेरॉक्सने पडला. स्टेन्सिल कापणे कष्टाचे असल्यामुळे विषयपत्रिका आटोपशीर राहत असे. प्रती काढणे सोपे झाल्यावर अंदाजपत्रके, निविदांचे तुलनात्मक तक्ते, जुन्या ठरावांच्या प्रती असे सर्व काही मागे जोडले जाऊ लागले. गठ्ठा जाड झाला तसा तो तयार व्हायला वेळ लागू लागला आणि मग नोटीस मुदतीत, पण विषयांची माहिती देणाऱ्या टिपण्या सभेच्या आदल्या संध्याकाळी, ही तऱ्हा सुरू झाली. ‘आयत्या वेळचे विषय’ या ओळीखाली, म्हणजे आधी न कळवता सभेतच मांडलेल्या विषयांत, काय काय मंजूर होऊ शकते, ते सांगायला नको.

टॅबला कायद्याचा आधार शोधताना माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० पर्यंत मागे जावे लागते. कायद्याने एखादी गोष्ट लेखी हवी असे म्हटले असेल तर ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असली तरी चालेल, हे त्यातील कलम ४ सांगते. असा अभिलेख केव्हा पाठवला आणि केव्हा पोहोचला असे मानायचे, हे कलम १३ मध्ये आहे. बटवड्याच्या वहीचा वारस शोधायचा तर तो येथे सापडतो. शासकीय कार्यालयाने इलेक्ट्रॉनिक कागदच स्वीकारावा वा द्यावा असा हट्ट धरण्याचा हक्क मात्र या कायद्याने कोणाला मिळत नाही. इंग्लंडने हाच पेच २०१५ च्या आदेशाने सोडवला: सदस्याने संमती दिली असेल तरच सभेचे बोलावणे ई-मेलने पाठवावे. आपल्याकडे हिमाचल प्रदेशची विधानसभा २०१४ मध्येच कागदाविना चालू लागली होती. पण विधिमंडळाचे मनुष्यबळ आणि तालुक्याच्या गावातील नगरपरिषदेची सभा शाखा यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

कोकणात या प्रश्नाला हवामानाचीही बाजू आहे. दमट हवेत कागदाला बुरशी येते, वाळवी लागते. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेली, तेव्हा तळमजल्यावर दप्तर ठेवणे किती धोक्याचे आहे हे पुन्हा दिसले. त्याच्या वर्षभर आधी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि अनेक गावे कित्येक दिवस विजेविना राहिली. अशा आठवड्यात टॅब हाती असूनही उपयोगाचा नसतो.

करोनाकाळात सभा दूरदृश्य प्रणालीवर भरल्या आणि पडद्यावर विषय वाचण्याची सवय काही सदस्यांना तेव्हा लागली. मात्र सदस्यांच्या मुदती संपल्यावर बहुतेक ठिकाणी त्यांच्या जागी सरकारी प्रशासक आले. सभागृहच नसल्याने विषयपत्रिका पाठवायची कोणाला, हा प्रश्न उरला नाही आणि सवयही मोडली. त्यात अजून एक अडचण तांत्रिक आहे. जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले किंवा नुसते स्कॅन केलेले पान टॅबवर दिसते, पण त्यात शब्द शोधता येत नाही. म्हणजे चारशे पानांत आपल्या प्रभागातले गटार कुठे आहे, हे सदस्याला पाने उलटूनच पाहावे लागते. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना सारखीच ओळखता येणाऱ्या अक्षरसंकेतांत, मुळापासून तयार केलेली टिपणी असेल तरच टॅबचा लाभ पदरात पडतो.

फलकावरची नोटीस तेवढी टॅबने सुटत नाही. ती कागदावरच छापून लावली जाते आणि जूननंतर तिच्यावर प्लास्टिक चढते.